जैन धर्मेतिहासाचा अभ्यास : साधने आणि शिस्त

शिरूर तालुक्यात भीमेच्या काठी वडगाव रासाई हे गाव वसले आहे. अशा गावातून उच्च शिक्षणासाठी पुण्यास आलेल्या विद्यार्थ्याने जैन धर्माचा इतिहास हा विषय निवडला, तर 'धर्म घरी वा देवळात कळतो, त्यासाठी विद्यापीठ कशाला?' असे त्याला कोणी विचारणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर पुणे जिल्ह्यातीलच एका शिलालेखाच्या आधारे देता येते.

पाले येथील लेख

मावळ तालुक्यातील पाले येथील लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक छोटा प्राकृत लेख आहे. डॉ. हसमुख सांकलिया व डॉ. शोभना गोखले यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. 'नमो अरहंतानं' असा नमस्कार करून भदंत इंदरखित याने लेण व पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, करविल्याचे त्यात नमूद आहे. जैनांच्या नवकार मंत्राचा आरंभ याच नमस्काराने होतो. ओडिशातील खारवेल राजाचा हाथीगुंफा लेखही तसाच सुरू होतो. यास्तव पाले येथील लेख महाराष्ट्रातील अतिप्राचीन जैन लेख मानला जातो.

परंतु 'अरहंत' हा शब्द बौद्धांच्या पाली वाङ्मयातही आहे आणि 'भदंत' ही उपाधी बौद्ध लेण्यांत वारंवार आढळते. म्हणून एका शब्दावरून निर्णय देता येत नाही. लिपीचे वळण, लेण्याची घडण आणि इतरत्रचे लेख ताडून पाहावे लागतात. ही शिस्त विद्यापीठात शिकविली जाते.

पोथ्यांचा आधार

एकोणिसाव्या शतकात काही युरोपीय विद्वान जैन धर्माला बौद्ध धर्माची शाखा समजत. जर्मन पंडित हेर्मान याकोबी यांनी १८७९ मध्ये कल्पसूत्राची आवृत्ती प्रसिद्ध केली व तिच्या प्रस्तावनेत दोन्ही परंपरांचे ग्रंथ तुलनेस घेऊन तो समज खोडून काढला.

याच सुमारास ब्यूलर, कीलहॉर्न आणि रा. गो. भांडारकर हे मुंबई सरकारसाठी हस्तलिखिते जमवीत होते. तो संग्रह पुढे १९१७ साली पुण्यात स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आला. त्यात जैन पोथ्यांचा वाटा मोठा आहे. प्राकृत भाषांच्या बृहत्कोशाचे कार्यही या संस्थेत डॉ. अमृत माधव घाटगे यांच्या संपादकत्वाखाली सुरू झाले. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे १९०६ मध्ये जन्मलेले डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकविता शिकविता प्रवचनसारासारख्या ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या सिद्ध केल्या.

भाषेची पूर्वतयारी

या अभ्यासाची पहिली पायरी भाषेची आहे. आगमांची अर्धमागधी आणि कथावाङ्मयाची जैन महाराष्ट्री आल्याखेरीज मूळ ग्रंथ हाती लागत नाहीत. मराठी विद्यार्थ्याला ही भाषा सर्वस्वी परकी नाही. पाले लेखातील 'लेण' हा शब्द आजच्या 'लेणे' या शब्दात सहज ओळखता येतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली व प्राकृत यांना अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्या दर्जाला अर्थ यावयाचा तर वाचक तयार झाले पाहिजेत. संग्रहातील पोथी वाळवीपासून वाचविता येते, पण तिची भाषा जाणणारा उरला नाही तर ती मुकीच राहते. भीमाकाठच्या विद्यार्थ्याने धर्मेतिहासाकडे वळावे ते यासाठी. त्याची साधने त्याच्याच जिल्ह्यात आहेत.