बटण दाबले, पण फोन गप्प का?



परवा मसाटला घरी बालभारतीचे गणिताचे पुस्तक फोनवर उतरवत होतो. नेटवर्क मंद. बटण दाबले, काहीच हलेना, म्हणून आणखी तीनदा दाबले. मग तेच पुस्तक चार वेळा उतरले आणि दिवसाचा डेटा संपला. धाकटीला सराव प्रश्नपत्रिका पाहायची होती, ती राहिली.

फोन मात्र रिकामा बसला नव्हता. आधी संकेतस्थळाचा पत्ता शोधणे, मग जोडणी, सुरक्षिततेची बोलणी, शेवटी आपली मागणी. दर वेळी संदेश जाऊन उत्तर यावे लागते. टूजीवर अशा एका फेरीला अर्धा-एक सेकंदही लागतो. सर्व्हरचे पहिले उत्तर येईपर्यंत पान उघडायचे की फाइल उतरवायची, हेच ब्राउझरला ठाऊक नसते. मग डाउनलोडची खूण दाखवणार कशी? उत्तरात फाइलचा आकार नसेल तर टक्केही दिसत नाहीत.

१० सेकंदांपुढे माणसाचे लक्ष टिकत नाही, असे जेकब नीलसन यांनी १९९३ मध्ये लिहिले. माझे पाचही टिकले नाही!

पालकांनीही एकदाच दाबावे. वरची बारीक रेघ सरकते का पाहावे, मग सूचनापट्टी खाली ओढावी. तिथे फाइलचे नाव दिसले की काम सुरू झाले.