नेटवर्कवर नजर ठेवायची, तर खर्च किती?

ऐन कामाच्या वेळी बिलिंग अडतं, व्हिडिओ कॉल तुटतो आणि इंटरनेटवाले सांगतात, ‘आमच्याकडून लाइन ठीक आहे.’ इंदूरच्या पलासिया किंवा विजयनगरमध्ये वीस-पंचवीस संगणकांचं ऑफिस चालवणारे मग थेट महागडा प्लॅन घेतात. त्याआधी बँडविड्थ कोण खातंय ते पाहा. हे पाहण्याची चांगली सॉफ्टवेअर मोफत मिळतात. पैसे लागतात ते इतर गोष्टींना.

काय पाहायचं आहे?
लाइन किती भरली, कोणता स्विच बंद पडला, एवढंच हवं असेल तर झॅबिक्स, लिब्रेएनएमएस किंवा पीआरटीजी. कोणता संगणक कुठे किती डेटा पाठवतोय, यासाठी एनटॉपएनजी. एखादा बिघाड मुळापर्यंत तपासायचा तर वायरशार्क.

‘रिअल टाइम’ हा शब्द विक्रेत्याकडून नीट समजून घ्या. मूळ सेटिंगमध्ये पीआरटीजी बहुतेक आकडे दर मिनिटाला घेतं, लिब्रेएनएमएस दर पाच मिनिटांनी. एनटॉपएनजीचे आकडे काही सेकंदांत बदलतात.

परवाना
झॅबिक्स, लिब्रेएनएमएस, वायरशार्क पूर्ण मोफत. एनटॉपएनजीची कम्युनिटी आवृत्तीही मोफत आहे, पण राउटरकडून नेटफ्लो (ट्रॅफिकचा सारांश) घ्यायचा तर त्यासोबत एनप्रोब विकत घ्यावं लागतं. पीआरटीजी 100 सेन्सरपर्यंत मोफत; सेन्सर म्हणजे उपकरणावरचं एक मोजमाप. एका उपकरणाला साधारण दहा सेन्सर लागतात, म्हणजे दहाएक उपकरणं. झोहोच्या ऑपमॅनेजरची मोफत आवृत्ती तीन उपकरणांपुरती. विकतच्या परवान्यावर 18 टक्के जीएसटी धरा.

यंत्र आणि वीज
सगळा ट्रॅफिक दिसण्यासाठी पोर्ट मिररिंग (एका पोर्टच्या ट्रॅफिकची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवण्याची सोय) असलेला स्विच हवा आणि राउटरकडे जाणारा पोर्ट मिरर करायला हवा. असा आठ पोर्टचा स्विच काही हजारांत येतो. जेल रोडवर खरेदी करताना मिररिंगची सोय डेटाशीटवर तपासा. सॉफ्टवेअरसाठी जुना डेस्कटॉप चालतो. तो 60 वॉट घेत असेल आणि चोवीस तास चालला, तर महिन्याला सुमारे 43 युनिट जळतात. 8 रुपये दर धरला तर साडेतीनशे रुपये.

सगळी पॅकेट साठवण्याच्या फंदात पडू नका. सरासरी 10 एमबीपीएस ट्रॅफिकला दिवसाला 108 जीबी जागा लागते.

माणूस
सगळ्यात मोठा खर्च इथेच. झॅबिक्सला लिनक्स आणि डेटाबेस जाणणारा हवा. पीआरटीजी विंडोजवर लवकर उभं राहतं. पहिल्या मांडणीचे आणि नंतर दर महिन्याच्या देखभालीचे तास वेगवेगळे लिहून घ्या. इशारे वाचणारं कुणी नसेल, तर विकतचं सॉफ्टवेअरही वाया जातं.

मर्यादा आणि कायदा
कोणाशी बोलणं झालं ते बहुधा दिसतं, पण एचटीटीपीएसच्या कूटबद्धतेमुळे काय बोलणं झालं ते दिसत नाही. ‘सगळं दिसेल’ या आश्वासनावर पैसे देऊ नका. कर्मचाऱ्यांना या देखरेखीची लेखी कल्पना द्या. तो त्यांचा हक्क समजा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग 180 दिवस जपायचे असतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवायच्या असतात. डिस्क घेताना हा हिशेब धरा.

आमचा सल्ला
आधी मिररिंगचा स्विच आणि एनटॉपएनजी लावून महिनाभर आकडे पाहा. एकच संगणक दुपारी बॅकअप चढवत असेल, तर तो रात्री लावा, खर्च शून्य. महिनाभरानंतरही लाइन सतत भरलेली दिसली, तरच मोठा प्लॅन घ्या. परवाना विकत घ्यायचा तो उपकरणं मोफत मर्यादेबाहेर गेल्यावर, आणि तेव्हाही तीन वर्षांचा एकूण खर्च लेखी मागून.