सर्व्हर सांभाळणाऱ्याला सिक्युरिटीत जायचंय: खर्च किती?

रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडहून रोज महाड एमआयडीसीत मोटरसायकल मारून एखाद्या केमिकल कंपनीचे सर्व्हर, प्रिंटर आणि साहेबांचे विसरलेले पासवर्ड सांभाळणाऱ्याला मोबाइलवर एक जाहिरात कधी ना कधी दिसतेच: सहा महिन्यांत सायबर सिक्युरिटी, नोकरीची हमी, सोपे हप्ते. सही करण्याआधी कागद नीट वाचा. अनेकदा तो क्लासचा प्रवेशअर्ज नसून कर्जाचा करार असतो. क्लास बंद पडला तरी हप्ता चालूच. शिवाय तिथे जे शिकवतात त्यातलं बरंचसं तुमच्या रोजच्या हाताखालचं आहे.

यूजर काढणं-घालणं, पॅच मारणं, फायरवॉलचे नियम, बॅकअप हे सगळं सिक्युरिटीचंच काम. 22 जुलै 2021 ला सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, तेव्हा सर्व्हर आणि बॅकअप एकाच तळमजल्यावर ठेवणं किती महाग पडतं हे वेगळं शिकायची गरज उरली नाही. त्या काळात तुम्ही सिस्टीम पुन्हा उभी केली असेल, तर मुलाखतीत आधी ते सांगा. प्लांटच्या कंट्रोल रूममधल्या डीसीएसशी (यंत्रं चालवणाऱ्या संगणक यंत्रणेशी) संबंध आला असेल, तर तेही सांगा. कारखान्याच्या यंत्रणेची सुरक्षा हे वेगळं क्षेत्र आहे आणि प्लांट जवळून पाहिलेली माणसं त्यात कमी आहेत.

पहिला खर्च लॅपटॉपचा. 16 जीबी रॅमचा जुना चांगला लॅपटॉप 25-30 हजारांच्या आसपास धरा. व्हर्च्युअलबॉक्स, वायरशार्क, वाझुह फुकट. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती 180 दिवस चालते. दोन मशीन उभी करा, एकावरून दुसऱ्यावर मुद्दाम चुकीचे पासवर्ड मारा आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडा. 4625 ची, म्हणजे फसलेल्या लॉगिनची, रांग लागलेली दिसेल. त्या रांगेनंतर त्याच खात्यावर 4624, म्हणजे यशस्वी लॉगिन, आला, तर पासवर्ड लागला. एसओसीत (सुरक्षा देखरेख केंद्रात) रात्रपाळीला बसणारा विश्लेषक मुख्यतः हेच पाहतो, फक्त हजारपट मोठ्या ढिगाऱ्यात. हा प्रयोग कंपनीच्या नेटवर्कवर लेखी परवानगीशिवाय करू नका. आयटी कायद्याच्या कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

कंपनीत मात्र एक काम मागून घ्या. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार लॉग 180 दिवस जपावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात. तुमच्याकडे हे होतं का? होत नसेल तर बसवून द्या. एक पैसा न घालता बायोडेटात सर्वांत वजनदार ओळ मिळते.

आता परीक्षा. एनपीटीईएलचे अभ्यासक्रम फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला 1,000 रुपये. मायक्रोसॉफ्टची एससी-200 साधारण पाच हजारांच्या घरात. विंडोजवाल्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत. सिक्युरिटी प्लसचा अमेरिकेतला दर 400 डॉलरच्या पुढे आहे, भारतातला दर भरण्याआधी पाहून घ्या. हॅकिंगची ओएससीपी अभ्यासक्रमासह दीड हजार डॉलरच्या वर, म्हणजे सव्वा लाखाच्या पुढेच. कडा उतरणारी हिरकणी व्हायची हौस सगळ्यांना असते. पण नोकऱ्या बुरूज बांधणाऱ्यांना आणि राखणाऱ्यांना जास्त. ओएससीपी नंतर बघू.

अनुभवी लोकांसाठीच्या सीआयएसएसपी या प्रमाणपत्राच्या परीक्षेची फी 749 डॉलर, वर पास झाल्यावर वार्षिक वर्गणी. तिला आठपैकी दोन विषयांतला पाच वर्षांचा अनुभव लागतो, योग्य पदवी असेल तर चार. इथे बरेच जण स्वतःला कमी लेखतात. अ‍ॅडमिन म्हणून केलेलं अ‍ॅक्सेस, नेटवर्क सुरक्षा, बॅकअपचं काम त्यात धरता येतं. म्हणून नोकरी सोडताना नुसतं 'सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होते' असं पत्र घेऊ नका, कामांची यादी लिहून घ्या.

सी-डॅकचा पीजी-डिटिस हा सहा महिन्यांचा पूर्णवेळ डिप्लोमा पुण्यात करता येतो. फी 90,000 आणि जीएसटी, म्हणजे 1,06,200 रुपये. पण खरा खर्च बुडालेल्या पगाराचा. 25 हजार पगार धरला तर दीड लाख गेले, पुण्यातलं राहणं-जेवण साठ-सत्तर हजार. सगळं मिळून सव्वातीन लाख. नव्या पदवीधराला हे परवडतं. घर चालवणाऱ्याने नोकरीत राहूनच वर्ष-दीड वर्षात बदल करावा. त्या वाटेने लॅपटॉपसह पन्नास-साठ हजारांत भागतं.

यातल्या काही परीक्षा घरून ऑनलाइन देता येतात, पण जून ते सप्टेंबर पाचाडात तो जुगार आहे. लाइट गेली, नेट तुटलं की परीक्षा अर्धवट आणि पैशांसाठी ईमेलांची रांग. ओएससीपी तर पावणेचोवीस तास चालते. ओएससीपी सोडून बाकीच्या परीक्षांना पुण्याचं केंद्र घ्या. पावसात वरंध घाट बंद असण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा माणगावहून ताम्हिणी धरा; तिथेही दरड येते, म्हणून आदल्या दिवशीच निघा. मुक्कामाचे हजार-दीड हजार परीक्षेच्या फीतच मोजा.