भर दुपारी फ्लॅश कशासाठी?

ग्रामीण भागात होणाऱ्या कार्यक्रमांची छायाचित्रे एकत्र ठेवून न्याहाळली असता एक गोष्ट वारंवार आढळून येते. मांडवाच्या सावलीत बसलेल्या पाहुण्यांचे चेहरे स्वच्छ उमटलेले असतात. परंतु मांडवाबाहेर उन्हात उभ्या असलेल्या ग्रामस्थांचा फेटा, टोपी किंवा पदर तेवढा लखलखतो आणि त्याखाली चेहऱ्याच्या जागी काळा डाग दिसतो. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी लागले, ज्या बाईच्या नावे घरकुल झाले, त्यांच्यासाठीच ते छायाचित्र घेतलेले असते आणि नेमके तेच त्यात ओळखू येत नाहीत. पुढे ते छायाचित्र अहवालात जाते, दप्तरी राहते, क्वचित एखाद्या घराच्या भिंतीवरही लागते. एखाद्या वृद्धाचे आयुष्यातील ते एकमेव चांगले छायाचित्र ठरण्याचा संभव असतो. अशा वेळी चेहरा हरवणे ही लहान चूक नव्हे.

या दोषाचे खापर बहुधा कॅमेऱ्यावर फोडले जाते. वस्तुतः कॅमेरा निर्दोष असतो. दोष उन्हाचा असतो आणि त्यावरील उपाय पुष्कळदा छायाचित्रकाराच्या पिशवीतच पडून राहिलेला असतो. फ्लॅश हे अंधारात वापरावयाचे साधन आहे, असा सार्वत्रिक समज आहे. भर दुपारी कोणी फ्लॅश उडविला तर पाहणारे हसतात. तथापि मोकळ्या जागेत माणसाचे चित्र घेताना फ्लॅशची खरी गरज रात्रीपेक्षा दुपारी बारा वाजताच अधिक असते.

माथ्यावरचा सूर्य

महाराष्ट्र हा सर्वस्वी कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य येथे मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. सोलापूरला ही स्थिती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येते, पुण्याला महिन्याच्या मध्यास, तर नागपूरला अखेरच्या आठवड्यात. त्यानंतर दक्षिणेकडे परतताना जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य पुन्हा माथ्यावर येतो. त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली पडत नाही, हे आता शाळाशाळांतून मुलांना दाखविले जाते. काठीची सावली नाहीशी होते. माणसाच्या चेहऱ्यावरची मात्र होत नाही. भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते, नाकाची ओठांवर, हनुवटीची गळ्यावर. त्यात डोक्यावर टोपी असली किंवा पदर पुढे ओढलेला असला म्हणजे अर्धाअधिक चेहरा छायेत जातो.

समोर उभ्या असलेल्या माणसाला तो चेहरा स्पष्ट दिसत असतो. मानवी डोळा उन्हातून सावलीकडे वळताच स्वतःला जुळवून घेतो. कॅमेऱ्याला हे साधत नाही. ऊन पडलेला फेटा आणि त्याखालील कपाळ यांच्या प्रकाशात सहज आठपटीचा फरक असतो आणि दोहोंसाठी कॅमेऱ्याला एकच माप लावावे लागते. फेट्याचे माप धरले तर चेहरा काळा पडतो. चेहऱ्याचे धरले तर फेटा, धोतर आणि मागची चुन्याची भिंत यांचा पांढरा लोळ होतो. यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे सावलीतच थोडा प्रकाश पाठविणे.

दिवसाच्या कामात फ्लॅशचे प्रयोजन एवढेच आहे. त्याने सूर्याशी स्पर्धा करावयाची नसते. सूर्याने सोडून दिलेल्या जागा भरून काढावयाच्या असतात.

तीन मीटरचा हिशेब

हे साधण्यासाठी एक तत्त्व नीट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा होत नाही, चौथाईवर येतो. अंतर तिप्पट झाले की नवव्या हिश्श्यावर. सूर्य इतका दूर आहे की पुढच्या आणि मागच्या रांगेवरील उन्हात फरक पडत नाही. फ्लॅशच्या बाबतीत मात्र एकेक पाऊल मोजावे लागते.

प्रत्येक फ्लॅशची शक्ती ‘गाइड नंबर’ या आकड्याने सांगितली जाते. या आकड्याला मीटरमधील अंतराने भागले की भिंगाचे छिद्र किती ठेवावे ते मिळते. समजा, आयएसओ १०० या संवेदनक्षमतेला फ्लॅशचा गाइड नंबर ३२ आहे. निरभ्र दिवशी उन्हातील वस्तूसाठी त्याच संवेदनक्षमतेला शटर १/१२५ सेकंद आणि छिद्र एफ/१६ हे माप फिल्मच्या काळापासून रूढ आहे. सरपंच दोन मीटरवर उभे असतील तर ३२ भागिले २, म्हणजे १६. फ्लॅश आणि ऊन तुल्यबळ झाले. असे चित्र सपाट दिसते आणि ते खोलीत काढले की काय अशी शंका येते. तेच अंतर तीन मीटर केले तर उत्तर जवळजवळ ११ येते. छिद्र मात्र एफ/१६ वरच आहे. म्हणजे फ्लॅशचा प्रकाश उन्हाच्या सुमारे निम्मा पडला. चेहऱ्यावरची सावली राहते, पण तिच्यातील डोळे दिसू लागतात आणि बुबुळात प्रकाशाचा एक ठिपका चमकतो. दुपारच्या चित्राला हवे असते ते एवढेच. सहा मीटरवर हाच फ्लॅश उन्हाच्या नवव्या हिश्श्याइतका उरतो, मग तो उडविला काय आणि न उडविला काय, सारखेच. पन्नास माणसांचा गट दूर उभा करून भर उन्हात फ्लॅश उडविणारे छायाचित्रकार केवळ विद्युत्घट संपवीत असतात.

आजचे बहुतेक फ्लॅश हा हिशेब स्वतःच करतात. तेथे फ्लॅशच्या भरपाईचा आकडा उणे एक ठेवला की साधारण हाच परिणाम मिळतो. तरीही हिशेब एकदा हाताने करून पाहावा. यंत्र पांढऱ्या कपड्यांना फसते, हिशेब फसत नाही.

शटरचे एक बंधन मात्र पाळावे लागते. भिंगे बदलता येणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचे दोन पडदे एकामागोमाग सरकतात. फ्लॅशची चमक सेकंदाच्या सहस्रांश भागाच्या आसपास संपते, म्हणून त्या क्षणी संपूर्ण चौकट उघडी असणे आवश्यक असते. जुन्या अनेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/६० किंवा १/१२५ सेकंद होती. हल्ली ती बहुधा १/२०० ते १/२५० असते. तिच्यापेक्षा वेगवान शटर ठेवल्यास चित्राच्या एका पट्ट्यावर फ्लॅशचा प्रकाश पडतच नाही. भिंगातच पात्यांचे शटर असलेल्या यशिका-मॅटसारख्या जुन्या कॅमेऱ्यांना ही अडचण नव्हती, त्यामुळे दिवसाच्या फ्लॅशला ते फार सोयीचे पडत. पडद्याच्या शटरसाठी ऑलिंपस कंपनीने १९८६ साली अतिवेगवान स्फुरणाचा फ्लॅश आणला आणि पुढे इतरांनीही ती सोय दिली. परंतु त्यात प्रकाशाची शक्ती बरीच घटते, म्हणून अगदी जवळूनच काम करावे लागते.

यातून एक उपयुक्त सूत्र निघते. शटरचा वेग बदलला की केवळ सूर्यप्रकाश कमीजास्त होतो. अंतर बदलले की केवळ फ्लॅशचा. छिद्र बदलले की दोहोंचा. सायंकाळी शेताच्या बांधावर शेतकऱ्याचे चित्र घेताना याचा प्रत्यय येतो. आभाळाचे रंग गडद हवे असतील तर शटर वेगवान करावे. आभाळ उतरते, चेहरा तसाच राहतो. मात्र त्या वेळचे ऊन पिवळसर आणि फ्लॅशचा प्रकाश दुपारसारखा पांढरा असतो. दिव्यावर फिकट केशरी पारदर्शक कागद लावला नाही तर माणूस त्या संध्याकाळपासून वेगळा कापून चिकटविल्यासारखा दिसतो.

माणसे कोठे उभी करावीत

माणसांना उन्हाकडे तोंड करून उभे करण्याची पद्धत जुनी आहे. ती सोडणे उत्तम. डोळे दिपतात, कपाळाला आठ्या पडतात, आणि ज्याने आनंदाने उभे राहावयाचे तो त्रासलेला दिसतो. सकाळी किंवा चार वाजल्यानंतर, सूर्य कलला असताना, त्याच्याकडे पाठ करून उभे करावे. चेहरा पूर्णपणे छायेत येतो, डोळे मोकळे राहतात, केसांना व पदराच्या काठाला उन्हाची कड मिळते आणि समोरचा फ्लॅश चेहरा उजळतो. फ्लॅश तारेने किंवा बिनतारी पद्धतीने कॅमेऱ्यापासून वेगळा करून हातभर बाजूला व वर धरता आला तर नाकडोळे अधिक ठसठशीत येतात. चष्म्याच्या काचेतील झळाळीही टळते. त्यासाठी मदतनीसाची गरज लागते. शाळेत अशा उत्साही मदतनीसांचा तुटवडा नसतो.

फ्लॅश उडणार आहे हे समोरच्यास आधी सांगावे. वृद्ध माणसे अनपेक्षित चमकेने दचकतात. डोळे मिटून सांगताच उघडावयास लावले तर मिटल्या डोळ्यांची चित्रे पुष्कळ कमी होतात.

मोबाइल संचातील दिव्याकडून मात्र या कामाची अपेक्षा ठेवू नये. त्याला फ्लॅश म्हणत असले तरी बहुतेक संचांत तो लहानसा एलईडी दिवा असतो, आणि उन्हात हातभर अंतरापलीकडे त्याचा प्रभाव नगण्य असतो. आजचे संच अनेक चित्रे जोडून सावली उजळतात खरे, परंतु त्यासाठी माणूस स्थिर हवा. मोबाइलच हाताशी असेल तर कडुलिंबाच्या दाट सावलीच्या कडेला माणसे उभी करावीत, किंवा थर्मोकोलचा पांढरा तक्ता, तोही नसल्यास ताणून धरलेले धुतलेले धोतर, उन्हात तिरपे धरून त्याचा उजेड चेहऱ्याकडे वळवावा. चार फुटांवरून हा उपाय एका माणसाच्या चित्राला पुरेसा होतो, आणि त्याला खर्च नाही.

अनेक कार्यालयांच्या व शाळांच्या कपाटांत फिल्मच्या काळातील फ्लॅश अद्याप पडून असतील. ते नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर तसेच चढवू नयेत. त्यांतील काहींच्या जोडणीवर दोनशे व्होल्टहून अधिक दाब असतो आणि त्याने कॅमेऱ्यातील मंडल जळू शकते. तंत्रज्ञाकडून दाब मोजून घ्यावा. विद्युत्घट आत विसरले असल्यास ते पाझरलेले नाहीत ना हे पाहावे, आणि दिवा उघडून आत बोट घालण्याचा मोह टाळावा. विद्युत्घट काढल्यानंतरही आतील धारित्रात जोरदार झटका बसण्याइतका भार बराच वेळ टिकून राहतो.