बैठकीची खोली

घराचा उंबरठा ओलांडताच पाहुण्याचे जेथे प्रथम स्वागत होते, ती बैठकीची खोली होय. घरातील माणसांच्या आवडीनिवडी आणि आल्यागेल्याविषयीची त्यांची आस्था या खोलीवरून कळून येते. म्हणून ती सुंदर असावी, असे प्रत्येकाला वाटते. परंतु सुंदर खोली ही सुखाची खोली असतेच असे नाही.

एका कुटुंबाचे उदाहरण पाहा. वाड्यातील दोन खोल्या सोडून हे कुटुंब नव्या इमारतीत राहावयास गेले. बैठकीच्या खोलीसाठी मोठ्या हौसेने एक खोल, मऊ कोच आणला. तो खिडकीला पाठ लावून ठेवला, जाड पडदे लावले आणि काचेचे कपाट शोभेच्या वस्तूंनी भरून टाकले. पाहणाऱ्यांनी वाहवा केली. पण थोड्याच दिवसांत आईच्या एक गोष्ट ध्यानात आली. आजोबा त्या खोलीत बसेनासे झाले होते. कोचात एकदा बसले, की कोणाचा हात धरल्यावाचून त्यांना उठता येत नसे. आणि त्यासाठी हाक मारण्याचा त्यांना संकोच वाटे. म्हणून वर्तमानपत्र घेऊन ते जिन्याच्या पायरीवर, उजेडात जाऊन बसत. 'कपाटाला हात लावू नकोस, कोचावर पाय ठेवू नकोस,' हे ऐकून कंटाळलेली मुलेही बाहेरच रमत. खोली सजली होती. पण ज्यांची ती खोली, तेच तिच्यातून बाहेर पडले होते.

जुन्या वाड्यांच्या रचनेत माणसांच्या वावराचा विचार आधी केलेला दिसतो. मधल्या मोकळ्या चौकातून उजेड व वारा ओसरीपर्यंत येई. दिवाणखान्यात जाजमावर गाद्या अंथरलेल्या असत आणि भिंतीशी लोड-तक्के मांडलेले असत. चार माणसे आली काय किंवा चाळीस आली काय, जरा सरकून बसले की सर्वांची सोय होई. भिंतीच्या जाडीतच कोनाडे व फडताळे केलेली असल्यामुळे सामानाने जमीन अडत नसे.

अशी बैठक केवळ धनवानांनाच साधते असेही नाही. १९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या खेड्यात राहावयास आले. तेच गाव पुढे सेवाग्राम या नावाने प्रसिद्ध झाले. तेथील बापूकुटीच्या भिंती मातीच्या आणि छप्पर कौलांचे आहे. जमिनीवर चटई, टेकावयास तक्क्या व लिहिण्यासाठी बसके मेज, एवढ्यावर बापूंचे काम चाले. मीराबेन यांनी भिंतीवर मातीतच उठवलेल्या आकृती हीच तेथील शोभा. तरीही थोरामोठ्यांना त्या चटईवर बसण्यात कमीपणा वाटला नाही.

यावरून बैठकीच्या खोलीची मांडणी कशी करावी हे समजते. प्रथम उजेड व वारा यांची वाट मोकळी ठेवावी. समोरासमोर खिडक्या असतील, तर वारा एकीतून येऊन दुसरीतून निघून जातो. त्याच्या मार्गात उंच कपाट ठेवू नये. भिंतींना फिकट रंग दिल्यास थोडा उजेडही खोलीभर पसरतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डाव्या बाजूने प्रकाश यावा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. खुर्चीची बैठक सुमारे ४५ सेंटिमीटर उंच असावी. मोठ्या माणसांचे पाय जमिनीवर नीट टेकतात. वृद्धांच्या खुर्चीला हात असावेत, कारण उठताना त्यांचाच आधार होतो. सामान बेताचे ठेवावे आणि जाण्यायेण्याची वाट अडवू नये.

त्या कुटुंबातील आईने हेच केले. तिने कोच दुसऱ्या भिंतीशी हलवला. जाड पडदे काढून पातळ सुती पडदे लावले. कपाटाचा खालचा कप्पा मुलांच्या पुस्तकांसाठी रिकामा केला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सतरंजी अंथरली. वाड्यातून आणलेली हातांची लाकडी खुर्ची माळ्यावर पडली होती. ती पुसून खिडकीपाशी ठेवली. या सर्वाला एक पैचाही खर्च आला नाही.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी शेजारचे गृहस्थ आले. मुले सतरंजीवर अभ्यास करीत होती आणि आजोबा खिडकीपाशी वाचीत बसले होते. पाहुण्यांना पाहताच खुर्चीच्या हातांवर भार देऊन ते कोणाच्याही मदतीवाचून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या, बसा."

स्वाध्याय
१. आजोबा जिन्याच्या पायरीवर जाऊन का बसत?
२. जुन्या दिवाणखान्यात पुष्कळ माणसांची सोय कशी होई?
३. आपल्या घरातील बैठकीच्या जागेत खर्च न करता कोणते बदल करता येतील, ते दहा ओळींत लिहा.