शाळेचे सामाईक फाइल-भांडार : बिघाड कसा शोधावा

शाळेच्या कार्यालयातील एका संगणकास मोठी डिस्क लावावयाची, तो राउटरला जोडावयाचा आणि वर्गातील इतर संगणकांनी आपल्या फाइली त्याच्यावरच ठेवावयाच्या, ही योजना मूळची घरगुती. परंतु लहान शाळेसही ती चांगली मानवते. अशा संगणकास फाइल सर्व्हर म्हणतात. बाजूस पडलेला जुना संगणकही या कामास पुरतो; कारण त्यावर चालणारी लिनक्स ही प्रणाली व साम्बा ही आज्ञावली, दोन्ही विनामूल्य आहेत. साम्बाचा आरंभ १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्याने केला. विंडोजचे संगणक ज्या भाषेत परस्परांकडे फाइली मागतात, ती भाषा लिनक्सच्या यंत्रास बोलता यावी, एवढेच तिचे काम.

या भांडारात पाठांची चित्रे, चाचण्यांचे तक्ते, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे असे पुष्कळ काही असते. ते गेले तर हळहळ वाटेल, एवढेच. परंतु जेथे जुन्या दाखल-खारीज पुस्तकांच्या पानांची छायाचित्रे ठेवलेली आहेत, तेथे गोष्ट निराळी. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला, १९५६ पर्यंत तो मध्य प्रांतात व पुढे मध्य प्रदेशात होता, आणि जिल्हा परिषद १९६२ मध्ये आली. त्यामुळे जुन्या शाळेच्या कपाटात डिस्ट्रिक्ट कौन्सिल, जनपद सभा व जिल्हा परिषद अशा तिन्ही काळांची पुस्तके एकावर एक आढळू शकतात. जातीच्या दाव्याच्या पडताळणीत अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीच्या नोंदींना मोठे महत्त्व असते. आजोबांच्या नावाची एक ओळ सापडली नाही, तर नातीचा प्रवेश अडतो. छायाचित्र हे मूळ पुस्तकाची जागा घेत नाही, हे खरे. पण जीर्ण पान वारंवार उलटावे लागत नाही आणि हवी ती ओळ कोठे आहे हे क्षणात कळते. म्हणून भांडार बिघडले असता घाईने हात घालू नये.

प्रथम एकच प्रश्न विचारावा : बिघाड एका संगणकावर आहे की सर्वांवर? एकावरच असेल तर दोष त्या संगणकाचा, त्याच्या तारेचा किंवा त्यात साठविलेल्या जुन्या पासवर्डचा. सर्वांवर असेल तर राउटर आणि सर्व्हर पाहावे. पडद्यावर जो संदेश आला असेल तो शब्दशः वहीत उतरवून घ्यावा. ‘उघडत नाही’ एवढ्या सांगण्यावरून तंत्रज्ञासही काही उमगत नाही.

उन्हाळ्यातील वादळाने वीज गेली, परत आली आणि सर्व्हर नाहीसा झाला, हा प्रकार नेहमीचा. येथे यंत्र बहुधा ठणठणीत असते. राउटर प्रत्येक यंत्रास क्रमांकाचा पत्ता देतो. वीज परत आल्यावर सर्व यंत्रे पुन्हा पत्ता मागतात आणि काल ज्यास १९२.१६८.१.१० मिळाला होता त्यास आज १९२.१६८.१.१४ मिळतो. वर्गातील संगणक मात्र जुन्याच दारावर थाप मारीत बसतात. उपाय असा की, राउटरच्या मांडणीत सर्व्हरच्या जाळेकार्डाचा क्रमांक नोंदवून त्याच्यासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवावा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजावे की राउटरकडून उत्तरच आलेले नाही. मग तार व तिची टोके पाहावीत.

सर्व्हर जुन्या संगणकावर उघडतो आणि नव्यावर उघडत नाही, असे झाल्यास दोष भाषेच्या पिढीचा समजावा. फाइली मागण्याच्या भाषेची पहिली आवृत्ती २०१७ पासून नव्या विंडोजमध्ये आपोआप बसविली जात नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस याच आवृत्तीतील छिद्रातून जगभर पसरला होता. काही जण ती जुनी आवृत्ती नव्या संगणकावर मुद्दाम सुरू करून देतात. काम चालते, पण ते दाराची कडी काढून ठेवण्यासारखे आहे. सर्व्हरवरील साम्बाच नवी करून घ्यावी. तसेच पासवर्डवाचून पाहुणा म्हणून आत येण्याची सोय विंडोज ११ च्या अलीकडील आवृत्त्या सहसा नाकारतात. तेव्हा प्रत्येकास नाव व पासवर्ड देणे हेच योग्य.

परवानगीच्या बाबतीत दोन कुलुपे आहेत, हे ध्यानात ठेवले म्हणजे अर्धा गोंधळ मिटतो. एक कुलूप साम्बाचे, दुसरे डिस्कवरील फाइलीचे. दोन्ही उघडली तरच लिहिता येते. एका शिक्षिकेने केलेला तक्ता दुसऱ्यास वाचता येतो पण सुधारता येत नाही, यात बहुधा दुसरे कुलूप आडवे येते. सर्व शिक्षकांचा एक गट करावा आणि फोल्डरमध्ये निर्माण होणारी प्रत्येक फाइल त्या गटाच्या नावे व्हावी अशी मांडणी करावी. जुन्या पुस्तकांचा फोल्डर मात्र सर्वांसाठी केवळ वाचनाचा ठेवावा. मुलांच्या आधार कार्डांच्या प्रती सामाईक फोल्डरात ठेवणे तर सर्वथा अनुचित होय.

आता जागेचा प्रश्न. एक टेराबाइटची म्हणून आणलेली डिस्क ९३१ गीगाबाइटच दाखविते, तेव्हा दुकानदाराने फसविले असे वाटते. तसे नाही. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, संगणक १०२४ च्या पटीत. याशिवाय लिनक्सची नेहमीची मांडणी पाच टक्के जागा व्यवस्थापकासाठी राखून ठेवते. एवढ्या डिस्कवर ती सुमारे ५० गीगाबाइट होते. केवळ फाइली ठेवण्याच्या डिस्कवर ती एक टक्क्यावर आणता येते. स्नेहसंमेलनाचे एकच मोठे चलच्चित्र जात नसेल आणि बाकीच्या फाइली जात असतील, तर डिस्कची मांडणी फॅट-३२ पद्धतीची आहे का ते पाहावे. तीत चार गीगाबाइटची फाइल मावत नाही.

परंतु सर्वांत फसवा बिघाड वेगळाच आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. लिनक्समध्ये बाहेरची डिस्क एखाद्या रिकाम्या फोल्डरवर ‘माउंट’ करावी, म्हणजे बसवावी लागते. कोनाड्यात पेटी ठेवावी तसे. एखाद्या दिवशी सर्व्हर सुरू होताना डिस्कची तार सैल असते किंवा डिस्क जागी व्हावयास उशीर लागतो. पेटी बसत नाही. पण कोनाडा असतोच. शिक्षक येतात, फोल्डर उघडतात, तो रिकामा! कोणी म्हणतो सर्व पुसले गेले. कोणी मुकाट्याने नव्या फाइली त्यातच ठेवू लागतो. त्या फाइली मोठ्या डिस्कवर न जाता सर्व्हरच्या मूळ लहान डिस्कवर साठतात, ती भरते आणि ‘जागा नाही’ असा संदेश येतो. पुढे डिस्क पुन्हा बसली की जुन्या फाइली परत दिसतात, आणि मधल्या दिवसांच्या फाइली पेटीमागे झाकल्या जातात. काहीच हरवलेले नसते. तरी दोनदा सर्व हरवल्याचा भास होतो. अशा वेळी सामाईक सेवा थांबवावी, डिस्क उतरवावी, कोनाड्यातील फाइली दुसऱ्या फोल्डरात हलवाव्यात, डिस्क पुन्हा बसवावी आणि मग त्या तिच्यावर नकलाव्यात. हा प्रसंग टाळावयाचा तर मांडणीत डिस्कची ओळख तिच्या कायम ओळखक्रमांकाने लिहावी, जोडणीच्या क्रमाने मिळणाऱ्या अक्षराने नव्हे. आणि मोकळ्या कोनाड्यात कोणासही लिहिता येणार नाही अशी तजवीज करावी. डिस्कवर ‘डिस्क बसली आहे’ या नावाची एक फाइल ठेवणे हा त्याहून साधा उपाय. ती दिसली नाही तर कोणी काही ठेवू नये, एवढे सर्वांस सांगून ठेवावे.

मराठीत काम करणाऱ्यांस आणखी एक अडचण येते, तिचा उल्लेख पुस्तिकांतून क्वचितच सापडतो. विंडोजच्या संगणकावर मराठी नावाची फाइल नीट असते, सर्व्हरवर टाकताच ‘नाव फार मोठे आहे’ असा नकार येतो. विंडोज नावासाठी २५५ चिन्हे मोजते, लिनक्स २५५ बाइट मोजते. आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे ८५ चिन्हेच मावतात. त्यातही काना, वेलांटी, अनुस्वार व पाय मोडण्याचे चिन्ह हे सर्व वेगळे मोजले जाते. ‘विद्यार्थ्यांची’ हा शब्द डोळ्यांस चार अक्षरांचा दिसतो. तो पंधरा चिन्हांचा, पंचेचाळीस बाइटांचा आहे. असे सहा शब्द एका नावात आले की मर्यादा ओलांडली. सातवीच्या मुलांकडून फळ्यावर हा शब्द फोडून घ्यावा. व्याकरण आणि गणित दोन्ही एका तासात होतात. वर्ध्यातच २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षण परिषदेने हातच्या कामातून शिकविण्याचा आग्रह धरला होता. ही संधी तशीच आहे. नावे आखूड ठेवावीत : आधी वर्ष, मग पुस्तक, मग पानाचा तीन अंकी क्रमांक. पान १ ऐवजी ००१ लिहिल्यास क्रम बिघडत नाही. मात्र मराठी व इंग्रजी अंकांची सरमिसळ करू नये, कारण संगणक त्यांना सहसा निरनिराळ्या ठिकाणी लावतो. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टंकलेल्या जुन्या फाइली तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांच्या दिसतात. त्या बिघडलेल्या नसतात. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे व मूळ फाइलही ठेवावी.

एकसारख्या दोन डिस्क लावून एकीवर लिहिलेले दुसरीवरही उमटविण्याची व्यवस्था काही ठिकाणी करतात. ती एक डिस्क मेल्यास काम चालू ठेवते. परंतु चुकून पुसलेले दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसले जाते. ती राखीव प्रत नव्हे. राखीव प्रत वेगळ्या डिस्कवर काढून, ती सर्व्हरपासून सोडवून, शक्यतो दुसऱ्या इमारतीत ठेवावी, आणि दर सत्रास तिच्यातील दहा-वीस पाने प्रत्यक्ष उघडून पाहावीत.

डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, किंवा फोल्डर वाचता येतो पण लिहिता येत नाही असे अकस्मात झाले, तर दुरुस्तीची आज्ञा लगेच देऊ नये. मरणासन्न डिस्कवर दुरुस्ती चालविल्याने उरलेलेही जाते. जे वाचता येईल ते आधी दुसरीकडे नकलावे, मग दुरुस्ती. विदर्भातील मे महिन्याचे ऊन पाहता सर्व्हर पत्र्याच्या खोलीत किंवा बंद कपाटात नसावा, आणि विजेचा धक्का सोसण्यासाठी लहान यूपीएस जोडलेला असावा.

राहता राहिला पासवर्ड. मुख्याध्यापकांची बदली झाली आणि सर्व्हरचा पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला, तर यंत्र शाबूत असूनही भांडार बंद पडते. कार्यभाराच्या यादीत किल्ल्या व शिक्के लिहितात, त्यांच्याखालीच सर्व्हरचा पत्ता, राउटरचा व व्यवस्थापकाचा पासवर्ड असलेले मोहोरबंद पाकीट आणि राखीव डिस्क कोठे आहे, या तीन नोंदी घ्याव्यात. नव्या मुख्याध्यापकांनी पाकीट फोडून त्याच दिवशी पासवर्ड बदलावा व नवे पाकीट ठेवावे.