तार सोडू नका

शल्यशास्त्राच्या अभ्यासासाठी बडोद्यास असताना एका शस्त्रक्रियेने मला जो धडा दिला, तो येथे मांडीत आहे.

हृदयापासून निघालेली महारोहिणी पोटात सुमारे २ सेंटिमीटर रुंद असते. तिची भिंत दुबळी होऊन ती ३ सेंटिमीटर वा अधिक रुंदावली, की त्यास फुगवटा म्हणतात. पुरुषांत तो साधारण ५.५ सेंटिमीटर झाला, की उपचार सुचवितात; कारण तो फुटल्यास रुग्ण क्वचितच वाचतो. १९९० मध्ये ब्वेनोस आइरिस येथे हुआन पारोदी यांनी पोट न उघडता, जांघेतील रोहिणीतून कापडी नळी नेऊन फुगवट्यास आतून अस्तर दिले. या सर्व साधनांना वाट दाखविते ती एक बारीक तार.

आमचे रुग्ण सत्तरीचे आजोबा होते. नळी बसली. रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्र पाहिले, तर फुगवट्यात दोन ठिकाणांहून रक्त शिरत होते.

"कोणती गळती बुजवायची?" सरांनी विचारले.

"दोन्ही," मी म्हणालो. उत्तर चुकले.

नळीच्या टोकाशी होणारी गळती हा पहिला प्रकार. सांध्यातून वा फाटक्या कापडातून होणारी, तिसरा. या दोहोंत फुगवट्यावर रक्ताचा पुरा दाब येतो, म्हणून त्या टेबलावरच थांबवाव्या लागतात. लहान शाखांतून उलटे येणारे रक्त हा दुसरा प्रकार. तो पुष्कळदा आपोआप थांबतो. पुढील तपासण्यांत फुगवटा वाढला, तरच हात घालावा. सरांनी वरच्या टोकाशी फुगा फुगवून नळी भिंतीस घट्ट बसविली आणि दुसरी गळती तशीच ठेवली.

सारे संपले असे वाटले. जाड आवरण-नळी जांघेतून बाहेर ओढू लागताच रक्तदाब झरझर उतरला. कटिभागातील अरुंद, चुना साचलेली रोहिणी फाटली होती. पण तार जागेवर होती! तिच्यावरून फुगा वर नेऊन नव्या नळीत फुगविला, रक्तस्राव थांबला. रक्त चढविले आणि फाटलेल्या जागी कापड लावलेला स्टेंट बसविला. तार आधीच काढली असती, तर पोट उघडावे लागले असते, आणि तितका वेळ आजोबांपाशी नव्हता.

काही दिवसांनी आजोबा स्वतःच्या पायांनी घरी गेले. मी मात्र वहीत दोन वाक्ये लिहिली: प्रत्येक गळती शत्रू नसते, आणि आवरण-नळी निघून शेवटचे चित्र निर्दोष दिसेपर्यंत तार सोडू नये.